यंत्र म्हातारे झाले हे कोणी ठरवायचे?



चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अशी अपेक्षा असावी की मी किमान वेतनावर बोलेन, कामगार कायद्यावर बोलेन, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलेन. ते विषय मी वर्षभर गेटसभेत मांडतच असतो आणि आपणही ते ऐकून कंटाळला असाल. म्हणून आज मी निराळा विषय घेतला आहे. जुने ग्राफिक्स कार्ड नव्या सर्व्हरवर चालवायचे कसे, आणि ते चालत नाही असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा त्याचा खरा अर्थ काय, हा तो विषय. कार्यक्रमपत्रिका वाचून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या हे मला ठाऊक आहे. युनियनवाल्याचे या यंत्राशी काय देणेघेणे, असा प्रश्न मला वाटेत दोघांनी विचारलाही. त्याचे उत्तर पुढच्या तासाभरात मिळेल अशी आशा आहे.

प्रथमच सांगतो की मी शिकलेला माणूस नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे वाचले ते पाळी संपल्यावर, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यामुळे माझे बोलणे पंडिताचे नसेल, पण जे मला कळले नाही ते मी तुम्हाला सांगणार नाही, एवढी हमी देतो.

शब्दांपासून सुरुवात करू. संगणकाच्या पडद्यावर जे चित्र दिसते ते तयार करण्यासाठी आत एक निराळी पाटी बसवलेली असते. तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. साधे पत्र लिहायला ती फारशी लागत नाही. पण साच्याचा आराखडा तिन्ही बाजूंनी फिरवून पाहायचा असेल, तर त्या पाटीवाचून भागत नाही. सर्व्हर म्हणजे असा संगणक की ज्याच्यावर अनेकांचे काम चालते. तो खोलीत एकीकडे असतो आणि माणसे आपापल्या टेबलावरून त्याला जोडलेली असतात. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या सर्व्हरचा कारभार पाहणारा कारभारी. आणि ड्रायव्हर म्हणजे या कारभाऱ्याच्या आणि कार्डाच्या मधला दुभाषा. कारभारी एका भाषेत हुकूम सोडतो, कार्डाला दुसरीच भाषा कळते. दुभाषा नसेल तर दोघेही जागच्या जागी धडधाकट असून काम होत नाही.

आजच्या विषयाची सगळी मेख या दुभाष्यात आहे. कार्ड जळले, त्यावरचा पंखा बंद पडला, तर ते यंत्राचे दुखणे झाले. परंतु बहुतेक जुनी कार्डे अशी मरत नाहीत. ती चांगली चालत असतात. कारभारी बदलतो, नव्या कारभाऱ्याची बोली थोडी बदललेली असते, आणि जुना दुभाषा तिथे नोकरीला राहत नाही. मग आपल्याला सांगण्यात येते, "हे कार्ड आता जुने झाले, चालत नाही."

आपल्याकडे यंत्र जुने होणे ही काही नवी गोष्ट नाही. सांगलीकडे किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर या मुलखात रुळला. त्या नांगराचा फाळ झिजला तर शेतकरी फाळ बदलीत असे, नांगर नव्हे. विहिरीवरचे तेलाचे इंजिन बापाने घेतले आणि मुलाने चालवले अशी घरे या सभेतही सापडतील. इंजिन केव्हा म्हातारे झाले हे त्याच्या धुरावरून, आवाजावरून आणि मिस्त्रीच्या सांगण्यावरून ठरे. ज्याच्या मालकीचे ते इंजिन, तोच शेवटचा निर्णय घेई. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र तो निर्णय दूरच्या कचेरीत होतो आणि आपल्याला त्याची तारीख तेवढी कळते.

हा निर्णय तीन तऱ्हांनी होतो. त्या मी क्रमाने सांगतो.

पहिली तऱ्हा जातीची. मायक्रोसॉफ्टची विंडोज ही सिस्टीम दोन रूपांत मिळते, एक टेबलावरच्या संगणकासाठी आणि दुसरी सर्व्हरसाठी. नावे दोन असली तरी आतला गाभा पुष्कळदा एकच असतो. विंडोज १० ची १६०७ ही आवृत्ती आणि विंडोज सर्व्हर २०१६ या दोघांचा मूळ क्रमांक १४३९३ हाच आहे. विंडोज १० ची १८०९ आणि सर्व्हर २०१९ यांचा १७७६३ हाच आहे. असे असूनही एखादे जुने कार्ड विंडोज १० वर बिनतक्रार बसते आणि सर्व्हरवर नाकारले जाते. का? तर ड्रायव्हरबरोबर एक साधी मजकुराची फाइल येते, तिला आयएनएफ फाइल म्हणतात. कोणत्या क्रमांकाच्या कार्डाला आणि कोणत्या प्रकारच्या विंडोजवर हा ड्रायव्हर बसवावा हे तिच्यात लिहिलेले असते. प्रकारासाठी आकडे ठरलेले आहेत. १ म्हणजे टेबलावरचा संगणक, ३ म्हणजे सर्व्हर. फाइलीत फक्त १ ला परवानगी असली की सर्व्हर त्या ड्रायव्हरला दारातच अडवतो. जाणकार माणूस ती फाइल उघडून त्या ओळी दुरुस्त करतो, पण तसे केले की फाइलीवरची कंपनीची डिजिटल सही मोडते आणि सिस्टीम पुन्हा अडवते. मग स्वतःची सही तयार करून ती त्या सर्व्हरला मान्य करायला लावायची, किंवा सहीची तपासणीच ढिली करायची. पहिले कष्टाचे आणि दुसरे धोक्याचे आहे.

हे वाचताना मला आमची हजेरीची वही आठवली. एकाच मशीनवर दोन माणसे तेच काम करतात, पण एकाच्या नावापुढे कायम आणि दुसऱ्याच्या नावापुढे कंत्राटी असे लिहिलेले असते. दुसऱ्याच्या हाताला कौशल्य कमी असते म्हणून त्याला कमी मिळते काय? रकाना निराळा म्हणून कमी मिळते. त्या कार्डाचेही तसेच आहे.

दुसरी तऱ्हा मुदतीची. कार्ड तयार करणारी कंपनी एक दिवस जाहीर करते की अमुक पिढीच्या कार्डांसाठी यापुढे नवा ड्रायव्हर निघणार नाही. एन्व्हिडिया ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. पुण्यातही तिचे कार्यालय आहे. तिच्या केप्लर नावाच्या पिढीची कार्डे २०१२ पासून बाजारात आली. त्यांना चालवणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७० क्रमांकाची. तिच्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत मिळतील असे कंपनीने सांगितले होते. ती मुदत सरली. त्या दिवशी जगातल्या एकाही केप्लर कार्डाची एक तारही तुटली नाही. पण पुढचे कारभारी येत राहणार, आणि दुभाषा मात्र जुनीच बोली बोलत राहणार.

तिसरी तऱ्हा मनुष्यबळाची. लिनक्स ही सिस्टीम कोणा एका कंपनीची नाही. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली आणि जगभरच्या लोकांनी वाढवली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात असंख्य ड्रायव्हर आहेत, पण प्रत्येकाची देखभाल कोणीतरी करावी लागते. २०२३ साली निघालेल्या ६.३ या कर्नलमधून नव्वदीच्या दशकाअखेरच्या काही कार्डांचे जुने ड्रायव्हर काढून टाकण्यात आले, कारण त्यांच्याकडे पाहायला माणूस उरला नव्हता. इथे मी कोणाला दोष देणार नाही. ज्या विहिरीवर कोणी पाणी भरत नाही तिची पायरी कोण दुरुस्त करील? पण एक फरक लक्षात घ्या. तिथे ड्रायव्हरचा मूळ मजकूर सर्वांसमोर उघडा आहे. उद्या कोणाला गरज पडली आणि हिंमत झाली, तर तो पुन्हा उचलता येतो. कंपनीच्या बंद ड्रायव्हरच्या बाबतीत हिंमत असून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, कारण तिथे आमची बोलणी अजून चालू आहेत.

महामार्गालगतच्या एका कारखान्यात साच्यांचे आराखडे करणारी सात माणसांची खोली आहे. त्यांचे सगळे काम एका सर्व्हरवर. त्यात एन्व्हिडियाचे क्वाड्रो के२००० हे कार्ड. हे २०१३ सालचे, केप्लर पिढीचे. सर्व्हरवर सेंटओएस ७ ही लिनक्सची आवृत्ती होती. तिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. व्यवस्थापनाने, रास्त कारणाने, अल्मालिनक्स ९ ही नवी सिस्टीम घालायचे ठरवले. घातली, आणि आराखड्याचा प्रोग्रॅम उघडेना. पुरवठादाराच्या माणसाने एका ओळीत निदान केले की कार्ड कालबाह्य आहे. मग हिशेब मांडला गेला. नवा सर्व्हर घ्यायचा, तो घ्यायचा तर प्रोग्रॅमचा परवानाही नवा घ्यायचा. त्यापेक्षा आराखडे बाहेरून करून घेणे स्वस्त. म्हणजे सात माणसे मोकळी. बंधूंनो, एका कार्डाच्या दुभाष्यावरून सात चुली टांगणीला लागल्या, आणि म्हणूनच युनियनवाल्याला या विषयात डोके घालावे लागले.

आम्ही दोन आठवड्यांची मुदत मागितली. देखभाल खात्यात आयटीआय झालेला एक पोरगा आहे. त्याने एका रात्रीत तपासणी केली आणि सकाळी मला म्हणाला, "तात्या, कार्ड काय बिघडलेलं नाय. त्याची भाषा कळणारा माणूस नव्या घरात नाय, एवढंच." दुभाष्याची कल्पना जी मी मघा सांगितली ती या पोराची आहे.

पुढे काय केले ते टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण हे कोणालाही करता येण्यासारखे आहे.

पहिला टप्पा ओळख पटवण्याचा. प्रत्येक कार्डाला दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक मालाचा. खोक्यावरचे नाव फसवते. एकाच नावाखाली दोन पिढ्यांचा माल विकलेला असतो. सर्व्हरला एक साधा हुकूम दिला की तो हे क्रमांक सांगतो. त्यावरून पिढी कळली आणि पिढीवरून ड्रायव्हरची ४७० ही मालिका कळली.

दुसरा टप्पा. नव्या सिस्टीमने कार्ड अगदीच सोडून दिले नव्हते. नूव्हो नावाच्या खुल्या ड्रायव्हरने त्याचा ताबा घेतला होता. म्हणून पडद्यावर अक्षरे दिसत होती, पण आराखड्याचा प्रोग्रॅम त्यावर चालत नव्हता. एका कार्डावर दोन दुभाषे बसत नाहीत. तेव्हा नूव्होला बाजूला राहण्याची सूचना लिहून ठेवावी लागली, आणि सर्व्हर सुरू होताना जो छोटा प्रारंभीचा संच वाचला जातो तोही नव्याने बांधावा लागला. हे दुसरे काम राहून गेले की पहिले फुकट जाते. पुष्कळ लोक इथेच अडकतात.

तिसरा टप्पा बांधणीचा. कंपनीच्या ड्रायव्हरचा थोडा भाग त्या त्या कर्नलवर बेतून बांधावा लागतो, शिंप्याने माप घेऊन कपडा शिवावा तसा. अल्मालिनक्स ९ चा कर्नल ५.१४ क्रमांकाचा. या क्रमांकाशी ४७० चा ड्रायव्हर जुळायला हवा. पण सर्व्हरची सिस्टीम सांभाळणारे लोक क्रमांक तोच ठेवून आतला चित्राचा भाग पुढच्या कर्नलमधून आणून बसवीत असतात. माप वहीत जुने आणि अंग मात्र वाढलेले! शिवण उसवली, बांधणी फसली. अशा वेळी जगात कुठेकुठे बसलेल्या माणसांनी तयार केलेली छोटी ठिगळे मिळतात. कोणाची ओळख ना देख, पण त्यांनी आपली अडचण सोडवली आणि ठिगळ सर्वांसाठी ठेवून दिले. त्यांतले एक जुळले.

चौथा टप्पा सहीचा. सेक्युअर बूट ही सोय चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर सर्व्हर घेत नाही. आपली किल्ली तयार करून ती यंत्रात नोंदवावी लागते, आणि तिने ड्रायव्हरवर सही करावी लागते. ही सोय बंद करून टाकणे सोपे असते, पण आम्ही ते केले नाही. कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवायचे नसते.

पाचवा टप्पा पथ्याचा. हे जुळलेले माप पुढच्या सुधारणेत पुन्हा बिघडू नये म्हणून कर्नलची आवृत्ती त्या जागी बांधून ठेवली. आणि आवृत्ती बांधली म्हणजे पुढच्या दुरुस्त्या आपोआप येणार नाहीत. म्हणून तो सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटपासून तोडला आणि आराखड्यांची ने-आण एका निराळ्या संगणकामार्फत सुरू केली.

दहाव्या दिवशी आराखडा पडद्यावर फिरला. खोली आजही चालू आहे. पण ही मुदतवाढ आहे, हे मी त्या सात जणांना त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. लाल टोपीवाली रेड हॅट कंपनी ज्या सिस्टीमचा मूळ पाया घालते, तिची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये निघाली. तिच्यात पडद्याची जुनी एक्स सर्व्हर ही पद्धत ठेवलेली नाही. नव्या पद्धतीला ४७० चा ड्रायव्हर नीट साथ देत नाही. शिवाय साधारण २०१३ पूर्वीचे इंटेल प्रोसेसरही तिला चालत नाहीत. नवव्या आवृत्तीला २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे आम्ही जी मिळवली ती काही वर्षांची उसंत. त्या वर्षांत माणसांना नवे शिकवायचे आणि नव्या सर्व्हरसाठी पैसा बाजूला काढायचा, अशी आमची मागणी आहे आणि तीवरच बोलणी चालू आहेत.

आता कोणी म्हणेल, ही युनियनवाल्यांची जुनीच खोड. आधी संगणक नको म्हणाले आणि आता जुना संगणक जाऊ नये म्हणतात! या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातला तेव्हा कामगारांनी, विशेषतः कलकत्त्यात, त्याला कडवा विरोध केला हे खरे आहे. नोकऱ्या जातील ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. सरकारने १९६९ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली यांत्रिकीकरणावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे १९८३ साली बँकांच्या संघटनेने आणि बँक कर्मचाऱ्यांनी करार करून संगणक कसे आणि किती आणायचे हे ठरवले. या सगळ्यात कामगारांचे म्हणणे एकच होते की यंत्र येताना आम्हाला विचारा. यंत्र जातानाही आम्हाला विचारा, असे मी आज म्हणतो. त्यात विसंगती कोठे आहे?

आणि जुने यंत्र आपल्या हिमतीवर चालवणे हेही या देशाला नवे नाही. आयबीएम कंपनीचे १४०१ हे यंत्र १९५९ साली आले आणि १९७१ साली कंपनीने ते विक्रीतून काढून घेतले. बाहेर वापरून झालेली अशी यंत्रे डागडुजी करून आपल्याकडे आणली जात, अशी त्या काळी मोठी तक्रार होती. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्याने कंपनीला आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितले. तिने ते मानले नाही आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. मागे राहिली ती यंत्रे. ती बंद पडली असती तर कचेऱ्यांची कामे ठप्प झाली असती. पण सरकारने १९७५ सालीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, ही संस्था काढून ठेवली होती. तिच्या माणसांनी आयबीएमची आणि इतरही कंपन्यांची यंत्रे सांभाळली. मूळ कंपनी गेली तरी यंत्र चालते, दुरुस्तीची विद्या मात्र आपल्या माणसांच्या हातात हवी, हे तेव्हाच सिद्ध झाले. पुढे २००१ साली ती संस्था टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये विलीन झाली.

ही विद्या हातात येण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कंपनीने ती राजीखुशीने द्यावी. एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीने २००७ पासून आपल्या कार्डांची माहितीपत्रके खुली करायला सुरुवात केली. त्याचे फळ असे की तिच्या २०१२ सालच्या पिढीच्या कार्डांसाठी खुल्या ड्रायव्हरमध्ये २०२५ सालीही सुधारणा होत होत्या. तेरा वर्षांचे कार्ड, आणि त्याचा दुभाषा अजून नवे शब्द शिकतो आहे!

दुसरा मार्ग कष्टाचा. मघाशी मी नूव्होचे नाव घेतले. हा फ्रेंच शब्द, अर्थ नवा. एन्व्हिडियाने माहिती दिली नाही, तेव्हा काही स्वयंसेवकांनी तिचा बंद ड्रायव्हर कार्डाला कोणकोणते आकडे कोणत्या कप्प्यात टाकतो हे टिपून घ्यायला सुरुवात केली. अमुक आकडा टाकला की पडद्यावर काय होते, हे हजारो वेळा पाहून त्यांनी भाषा उकलली. कुलूपवाला बाहेर बसून खटक्याच्या आवाजावरून किल्ली घडवतो तसे हे काम. २०१० साली त्यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये सामावून घेण्यात आला. केप्लर कार्डाचा वेग हाताने वाढवण्याची सोयही त्यांनी साधली. पण २०१४ नंतरच्या कार्डांत कंपनीने आतल्या सूचनांवर स्वतःची सही सक्तीची केली आणि या लोकांच्या हाताला तिथे अटकाव झाला. मे २०२२ मध्ये त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला खरा, पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढे. ज्यांना त्याची अधिक गरज होती ती जुनी कार्डे बाहेरच राहिली.

या चळवळीची सुरुवातही अशाच एका अडलेल्या यंत्रातून झाली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचे छपाईयंत्र आले. कागद अडकला की कळावे अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती, पण त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. माझे यंत्र दुरुस्त करायची मला मुभा असावी, या अगदी साध्या मागणीतून ते काम उभे राहिले. कारागिराला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण एकांगी बोलणे सोपे असते. जुने ते सगळे राखावे असे माझे म्हणणे नाही. जुने कार्ड त्याच कामाला नव्यापेक्षा अधिक वीज खाऊ शकते. दुरुस्त्या बंद झालेला ड्रायव्हर हे चोराला उघडे भोक आहे. ज्या सर्व्हरवर लोकांचे पैसे किंवा रुग्णांची माहिती आहे तिथे असला प्रयोग करू नये. आणि एकाच पोराच्या डोक्यात सगळे ज्ञान असेल, तर तो नोकरी सोडून गेला त्या दिवशी यंत्र खरोखरच मेले. म्हणून यंत्र राखायचे की टाकायचे हा हिशेब प्रत्येक वेळी मांडला पाहिजे. माझी तक्रार एवढीच की आज तो हिशेब मांडलाच जात नाही. कालबाह्य हा एक शब्द उच्चारला की यंत्र भंगारात आणि त्याच्यामागची माणसे घरी.

तेव्हा कारखान्यांतल्या मंडळींनी आपल्या मागणीपत्रात पुढील कलमे घालावीत असे मी सुचवतो. एक, संगणक किंवा त्यावर चालणारे यंत्र विकत घेताना त्याच्या ड्रायव्हरला किती वर्षे दुरुस्त्या मिळतील हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. दोन, आज चालत असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची प्रत आणि बसवण्याची कृती कारखान्यात जपून ठेवावी. कंपनी मागाहून ती काढून टाकील याचा भरवसा नाही. तीन, सिस्टीम बदलण्यापूर्वी एका सुट्या संगणकावर तिची चाचणी घ्यावी आणि तिथे देखभाल कामगार हजर असावा. चार, किमान दोन कामगारांना हे काम शिकवावे. पाच, यंत्र कालबाह्य ठरवून जेव्हा माणसे कमी करण्याची गोष्ट निघेल, तेव्हा ते का चालत नाही याचे लेखी कारण युनियनला द्यावे. पाचवे कलम मिळवायला सर्वांत अवघड जाईल, हे मी अनुभवाने सांगतो.

सरकारी पातळीवरही थोडी हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण नियम कचरा कसा उचलावा हे सांगतात. तो कचरा होऊच नये यासाठी आपणच आग्रह धरला पाहिजे. दुरुस्तीच्या हक्काची चर्चा मोबाइल आणि ट्रॅक्टर यांच्यापाशी थांबू नये. कारखान्यातल्या सर्व्हरचा ड्रायव्हर हाही त्या हक्काचाच भाग आहे.

शेवटी शिक्षक मंडळींना आणि पतसंस्थांच्या चिटणिसांना एक विनंती. आपल्याकडचा जुना संगणक भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी त्यातल्या कार्डाचे ते दोन क्रमांक एका कागदावर लिहून घ्या आणि आमच्या कचेरीत पाठवा. रविवारी सकाळी आयटीआयची मुले तिथे जमतात. त्यांना शिकायला यंत्र हवे असते आणि बिघडले तर कोणी रागावणार नाही असे यंत्र हवे असते. दहांतली चार चालू झाली तरी शाळेच्या एका वर्गाचे काम भागेल, आणि न चालणाऱ्या सहांवर मुलांचा हात बसेल.

 प्रश्न असतील तर अवश्य विचारा. उत्तर ठाऊक असेल तर मी देईन; नसेल तर मघाचा तो देखभालीतला पोरगा मागच्या रांगेत बसला आहे.